बटण बंद करण्याआधी विचारायचं होतं

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सतरा वर्षांचा. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून सात महिने घरातच वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारं यंत्र, चालवतोय. त्याच्या मित्रांच्या वाचनमंडळाची वेबसाइट त्यावर आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत जागतो, आणि सहामाहीत 84 टक्क्यांवरून 76 वर आला. तुम्ही विचारता, ‘होस्टिंग भाड्यानं मिळत असताना हा खटाटोप कशाला, आणि यात करिअर तरी आहे का?’ मी मात्र अडकलो ते तुमच्या शेवटच्या ओळीपाशी: ‘परवा रागाच्या भरात मी बटण बंद केलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.’

गुणांचं नंतर बघू. चालत्या सर्व्हरची वीज तोडली की त्या क्षणी डिस्कवर जे लिहिलं जात असतं ते अर्धवट राहू शकतं, कधी फाइलच खराब होते. 1990 च्या अखेरीस सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर आपल्या नेक्स्ट संगणकावर चालवला, तेव्हा त्यावर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तुमच्या मुलानं चिठ्ठी लावली नव्हती, पण तुम्हाला ठाऊक होतं. सात महिने त्यानं दुसऱ्यांसाठी एक गोष्ट चालू ठेवली आणि ती तुम्ही त्याला न विचारता पाडली. त्याचा अबोला मला उद्धटपणा वाटत नाही.

आता तुमचा गैरसमज. ‘जे भाड्यानं मिळतं ते शिकून काय उपयोग?’ अहो, भाड्याचं होस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत चालणारा सर्व्हरच. तिथेही लिनक्सच असतं बहुतेक वेळा, तिथेही अपाची किंवा एनजिन्एक्स ही वेब सर्व्हरची सॉफ्टवेअरं, तिथेही डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, चुकली की साइट उघडत नाही. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, हे सगळं कंट्रोल पॅनेलच्या आड असतं, म्हणून दिसत नाही. व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेतलात तर कोरं यंत्र हातात येतं, आणि फायरवॉल, अपडेट, बॅकअप ही कामं पुन्हा तुमचीच. क्लाउड आला म्हणून ही कामं संपली नाहीत. ती करणाऱ्याला आज सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणतात, डेव्हऑप्स म्हणतात, साइट रिलायबिलिटी इंजिनिअर म्हणतात. या लोकांना जे यावं लागतं त्याचा पाया तुमच्या घरात, टेबलाखाली घातला जात होता.

करिअरची वाट नेहमीचीच: संगणकशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी, जोडीला लिनक्स आणि नेटवर्किंगची प्रमाणपत्रं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं आहे, आणि हे त्यालाही वाचून दाखवा. वाचनमंडळाची साइट घरातल्या यंत्रावर नको. घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर यंत्र सापडतं तो क्रमांक, सहसा बदलत राहतो. कित्येक कंपन्या तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, मग बाहेरून येणारी विनंती घरापर्यंत पोचवायला आडवाटा काढाव्या लागतात. आणि सभासदांचे फोन नंबर, पासवर्ड त्यावर असतील तर ती दुसऱ्यांची ठेव आहे. ती साइट भाड्याच्या जागी न्यावी. घरचा सर्व्हर शिकण्यासाठी, मोडण्यासाठी, पुन्हा उभा करण्यासाठी ठेवावा. दोन्ही हवेत.

गुणांबद्दल त्याला माझा निरोप: ज्या सर्व्हरसाठी रोज एकपर्यंत जागावं लागतं तो नीट बसवलेला नाही. साइटची जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र 90 दिवसांत संपतं, ते कोणी जागून बदलत नाही, एक टायमर बदलतो. बॅकअपही तसाच लावायचा, साइट पडली तर निरोप येईल अशी सोयही तशीच. मग अकराला झोपायचं. आणि बॅकअप आहे एवढं सांगून भागणार नाही. कोऱ्या डिस्कवर तो परत चढवून साइट उघडून दाखवायची. ते जमेपर्यंत तो बॅकअप मी धरत नाही.

तुमच्यासाठी एकच काम. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, आधी चुकलं म्हणा, मग सर्व्हरचा लॉगिनचा लॉग, म्हणजे आत शिरू पाहणाऱ्यांची नोंद, दाखवायला सांगा. 22 नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून लॉगिन करायचं दार, बाहेर उघडं असेल तर ओळीमागून ओळी सरकताना दिसतील: ‘रूट’ नावानं पासवर्ड चुकला, ‘अ‍ॅडमिन’ नावानं चुकला, ‘टेस्ट’ नावानं चुकला. कुठकुठल्या अनोळखी पत्त्यांवरून यंत्रं अशी दार ठोठावत असतात. त्यांना बाहेर कसं ठेवलंस, एवढं त्याला विचारा, आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.