मातीची ओळख बरणीपासून करून घ्या

मातीचा अभ्यास तुम्ही गच्चीवरच्या कुंड्यांपासून सुरू करत आहात, हे उत्तम आहे. हायड्रोमीटरची (मातीच्या पाण्याची घनता मोजून कणांचे प्रमाण काढणाऱ्या उपकरणाची) घाई नको; बरणीत बसणाऱ्या थरांच्या जाडीवरूनही रेती, गाळ आणि चिकणमातीच्या प्रमाणाचा अंदाज येतो. उभट काचेच्या बरणीत एक तृतीयांश चाळलेली माती घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि बरणी जागची हलवू नका. रेती मिनिटभरात तळाशी बसते, गाळाच्या कणांना काही तास लागतात, तर ०.००२ मिलिमीटरहून बारीक असलेले चिकणमातीचे कण दिवसचे दिवस तरंगत राहतात. पावसाळ्यात पुण्यातल्या मुठा नदीचे पाणी चहासारखे दिसते ते अशाच बारीक कणांमुळे.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- तासाभरातच थर मोजणे.
- पाणी लवकर निवळावे म्हणून तुरटी फिरवणे. तिच्यामुळे सुटे कण एकमेकांना चिकटून एकदम खाली बसतात आणि थरांचा हिशेब बिघडतो.
- सगळी चिकणमाती सारखीच समजणे. पुणे परिसरातली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यातील स्मेक्टाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणूनच तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कोकणातल्या तांबड्या मातीत केओलिनाइट हे फारसे न फुगणारे खनिज आणि लोहाची ऑक्साइडे अधिक असल्याने ती फारशी फुगत नाही.

दोन्ही मातींच्या बरण्या शेजारी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वरचे पाणी उजेडात धरून पाहा.