लसीकरणातून सूट आणि पत्नीचा व्हिसा

प्रश्न : मी अमेरिकन नागरिक असून पत्नीच्या स्थलांतरित व्हिसाची मुंबईतील मुलाखत जवळ आली आहे. ती गरोदर आहे; शिवाय धार्मिक कारणाने तिला काही लशी नकोशा वाटतात. सूट मिळेल का?

उत्तर : आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. गरोदरपणात गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस देत नाहीत. त्यामुळे दूतावासाने नेमलेले डॉक्टरच तपासणी अहवालात ती लस वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य असल्याची नोंद करतात आणि त्यासाठी वेगळा अर्ज किंवा शुल्क लागत नाही. तपासणीला जाताना प्रसूतितज्ज्ञांचे पत्र व जुने लसीकरण कार्ड जरूर न्यावे.

धार्मिक कारणाने सूट मिळवण्याचा मार्ग मात्र खडतर आहे. मुलाखतीत अधिकाऱ्याने लसीअभावी व्हिसा नाकारल्यानंतरच ‘आय-६०१’ हा अपात्रता माफ करण्याचा अर्ज भरता येतो, आणि त्यात आपला विरोध सर्व प्रकारच्या लशींना आहे, तो धार्मिक श्रद्धेतून किंवा नैतिक धारणेतून आला आहे आणि प्रामाणिक आहे, हे तिन्ही सिद्ध करावे लागते. पत्नीचा आक्षेप ‘काही’ लशींपुरताच असल्याने, माझ्या मते, ती पहिल्याच अटीवर अडेल. लहानपणी लशी घेतल्या असतील तर प्रश्न आणखी विचारले जातील. कोविडच्या लशीची चिंता असेल, तर ती अट 2025 मध्येच काढली आहे. निव्वळ आक्षेपापोटी कुटुंबाची भेट लांबवण्याआधी नक्की कोणती लस खटकते, हे पत्नीने डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.