घरोघरी जाणारी टीम सांभाळताना

प्रश्न : घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या सिस्टरांची टीम नुकतीच माझ्याकडे आली आहे. सकाळी कोणाला कुठे पाठवायचं, इथूनच गोंधळ सुरू होतो. काय करू? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आधी भाग वाटून द्या. पंचवटीतल्या सिस्टरला नाशिकरोडला धाडलं, की तिचा अर्धा जीव रस्त्यातच जातो. इन्सुलिनवाले रुग्ण सर्वांत आधी, त्यांचा नाश्ता तिच्यासाठी अडलेला असतो. ड्रेसिंग नंतर.

अधूनमधून प्रत्येकीसोबत स्वतः जा. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कुशीवर वळवून माकडहाड आणि टाचा बघा. लालसर जागा बोटाने दाबून सोडली आणि फिकी पडली नाही, तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का पाहा. एअरबेड आणला की घरचे निर्धास्त होतात. तरीही साधारण दर 2 तासांनी कूस बदलायलाच हवी, हे त्यांच्याकडून करून घेऊन शिकवा.

आणि एखादा रुग्ण गेला, तर त्या सिस्टरला लगेच दुसऱ्या घरी पाठवू नका. मी तिला समोर बसवून चहा देते, बोलू देते. तिच्या उरलेल्या भेटी त्या दिवशी मीच करते.