अमेरिकन आर्मीतून जखमी होऊन आलेल्या माणसाने बँकरप्सी केली तर व्हीएचे अपंगत्वाचे पैसे कोर्ट घेतं का?

तुम्ही विचारलंय की बहिणीचा नवरा अमेरिकन आर्मीतून जखमी होऊन बाहेर पडला, दर महिन्याला व्हीएकडून, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडून, अपंगत्वाचे पैसे येतात, क्रेडिट कार्डांचं कर्ज डोक्यावर आहे, बँकरप्सी केली, म्हणजे दिवाळं काढलं, तर ते पैसे कोर्ट घेईल का. आणि पुढे लिहिलंय की घरचे म्हणतात, इन्कम आहे तर कर्ज फेडायलाच पाहिजे.

पैसे कोर्ट घेत नाही. आणि घरचे म्हणतायत ते साफ चूक आहे. हे दुसरं वाक्य वाचलं म्हणूनच मी लिहायला बसलोय, कारण हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून चार वर्षं ऐकलंय.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. २००७ ला एमएस करायला टेक्सासला आलो, डिग्री हातात पडली तेव्हा मंदी, नोकरी नाही. आर्मीने २००९ मध्ये मावनी नावाची योजना काढली होती, ग्रीन कार्ड नसलं तरी व्हिसावर कायदेशीर राहत असाल आणि त्यांना हवी ती भाषा येत असेल तर भरती. माझं हिंदी चाललं. २०१० ला गेलो, बेसिक ट्रेनिंग संपताना सिटिझनशिप मिळाली आणि काम मिळालं ट्रक चालवायचं. २०१२ ला कंदाहारच्या बाजूला आमचा ट्रक उलटला. पाठीचे दोन मणके, उजवा गुडघा, आणि कानात तेव्हापासून जो आवाज सुरू झाला तो आत्ता हे टाइप करतानाही चालू आहे. काँट्रॅक्ट पूर्ण करून २०१४ ला बाहेर पडलो, व्हीएकडे क्लेम लावला, २०१५ ला अपंगत्वाचं ७० टक्के रेटिंग आलं. बायको आणि मुलगी धरून महिन्याला पंधराशे डॉलरच्या आसपास, आणि मागच्या महिन्यांचे एकदम साचलेले थोडे.

दादाबरोबरचं भांडण त्या साचलेल्या पैशांवरून सुरू झालं. तो म्हणाला, कोल्हापुरात फ्लॅट बघून ठेवलाय, बुकिंगला पाठव. मी म्हटलं नाही, हे पैसे मी बाजूला ठेवणार, पाठीचं काय होईल सांगता येत नाही. त्याला ते लागलं. आईला म्हणाला, अमेरिकेला गेला आणि हात आखडता घ्यायला शिकला.

२०१८ पर्यंत माझी गाडी घसरली. वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होतो, पाठीमुळे सुट्ट्या वाढल्या, त्यांनी तास कमी केले. बायको डेंटल क्लिनिकमध्ये, तिच्या पगारात घर आणि इन्शुरन्स. त्यातच तिचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचं बिल आलं, बिल कार्डावर, कार्डाचं व्याज दुसऱ्या कार्डावर, एकूण बेचाळीस हजार डॉलर. मग टेक्सासमधल्याच किलीनमध्ये एका वकिलाकडे गेलो. मला वीस मिनिटांच्या वर बसवत नाही म्हणून मी खुर्चीची पाठ धरून उभाच होतो, बायको बसली होती. वकिलाने मीन्स टेस्टचा फॉर्म पुढे सरकवला. मागच्या सहा महिन्यांचं सगळं उत्पन्न, त्याची सरासरी, ते राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मधल्या उत्पन्नाच्या खाली असेल तर चॅप्टर ७, म्हणजे कर्ज माफ होणारी बँकरप्सी, सरळ करता येतं, वर असेल तर पुढे खर्चाचा हिशोब आणि बहुतेक वेळा चॅप्टर १३, म्हणजे पाच वर्षं कोर्टाच्या प्लॅनने हप्ते. दोघांचे पगार धरले तर आम्ही खाली. मग त्याने बोट ठेवलं दहाव्या ओळीवर, 'इतर सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न', आणि म्हणाला, व्हीएचे इथे लिहायचे. ते लिहिले आणि आम्ही वर गेलो.

त्याच ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की काय धरायचं नाही. सोशल सिक्युरिटी धरायची नाही. युद्धगुन्ह्यांच्या बळींना मिळालेले पैसे धरायचे नाहीत. दहशतवादाच्या बळींना मिळालेले धरायचे नाहीत. हे सगळं योग्यच आहे. पण युद्धात जखमी झालेल्या सैनिकाची भरपाई त्या यादीत नव्हती! शेजारचा माणूस छतावरून पडून त्याच मणक्यांनी घरी बसला आणि त्याला सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व मिळालं तर ते मोजत नाहीत, माझे मोजतात. मी वकिलाला हे दोनदा विचारलं. तो म्हणाला, २००५ ला काँग्रेसने कायदा कडक केला तेव्हा व्याख्या अशीच लिहिली, मी काही करू शकत नाही. प्लॅनचा हप्ता त्याने काढला साधारण सहाशे डॉलर, साठ महिने. म्हणजे माझ्या पाठीचे पैसे पाच वर्षं कार्ड कंपन्यांना.

मी सही केली नाही. पार्किंगमध्ये बायको रडली.

त्या रात्री दादाला फोन केला, आधार वाटेल म्हणून. तो म्हणाला, अरे दर महिन्याला येतात म्हणजे इन्कमच की, इन्कम असताना दिवाळं काढायचं म्हणजे लोकांचे बुडवायचे, आपल्या घरात असं कोणी केलं नाही. फ्लॅट घेतला असतास तर आज विकता आला असता.

आता हे ऐका. आमचे तात्या, म्हणजे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पायाला इजा होऊन आले, त्यांना पेन्शन होती. २००३ च्या सुमारास त्यांनी कुणाला तरी जामीन राहून घोळ केला आणि पतसंस्थेची माणसं घरी आली, म्हणाली पेन्शनमधून वळते करून घेतो. तेव्हा दारात उभा राहून त्यांना परत कोणी पाठवलं? दादानेच. 'पेन्शनला हात लावता येत नाही, कायदा आहे,' असं ओरडून सांगितलं आणि तो बरोबर होता. १८७१ चा पेन्शन्स ॲक्ट आहे, कलम ११, देणेकऱ्यासाठी कोर्टालासुद्धा सरकारी पेन्शन जप्त करता येत नाही. गल्लीत सगळ्यांनी ऐकलं होतं. तात्यांच्या पायाला जो न्याय तो माझ्या पाठीला का नाही, हे मी त्याला त्या रात्री विचारलं, तर म्हणाला तुझी गोष्ट वेगळी आहे, तू परदेशात आहेस. यात परदेशाचा काय संबंध?

तर कायद्याकडे येतो. यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, पैसे काढून घेता येतात का. ते कधीच घेता येत नव्हते. अमेरिकन कायद्याच्या टायटल ३८ मध्ये कलम ५३०१ आहे, व्हीएचे पैसे देणेकऱ्यांच्या दाव्यातून मोकळे, हातात पडायच्या आधीही आणि पडल्यावरही. २०११ पासून तर नियम असा आहे की कोणी खातं गोठवायची ऑर्डर आणली तर बँकेने आधी मागच्या दोन महिन्यांत थेट जमा झालेली सरकारी मदत आपणहून बाजूला ठेवायची. दुसरा प्रश्न, ते इन्कम म्हणून मोजतात का. इथे २००५ ते २०१९ घोळ होता. म्हणजे पैसे तुमचे, कोणी हात लावणार नाही, पण ते मोजून तुम्हाला अशा प्लॅनमध्ये घालायचं की शेवटी तुम्ही स्वतःच्या हाताने तेच द्याल.

हे बदललं २३ ऑगस्ट २०१९ ला. हेवन ॲक्ट. सिनेटमध्ये विस्कॉन्सिनच्या टॅमी बाल्डविन आणि आमच्या टेक्सासचे जॉन कॉर्निन, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, दोघांनी मिळून आणलं आणि ट्रम्पनी सही केली. त्यात इन्कमच्या व्याख्येतूनच अपंगत्वाचे, युद्धातल्या इजेचे आणि सैनिकाच्या मृत्यूनंतर घरच्यांना मिळणारे पैसे बाहेर काढले. मी त्याच वकिलाकडे परत गेलो, नोव्हेंबरमध्ये फाइल केलं, तोच फॉर्म, आता व्हीएचे सोडून बेरीज खाली. ट्रस्टीसमोर, म्हणजे प्रकरण बघायला नेमलेल्या माणसासमोर, दहा मिनिटं प्रश्न झाले. मार्च २०२० ला डिस्चार्जचं, म्हणजे कर्जमाफीचं, पत्र आलं. कार्डं आणि हॉस्पिटल दोन्ही गेलं, कारचं कर्ज मी चालू ठेवलं.

आणि फ्लॅटबद्दल, कारण दादा अजून काढतो. १९३९ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कॅरियर विरुद्ध ब्रायंट. सैनिकाच्या पैशातून बाँड आणि प्रॉमिसरी नोटा घेतल्या होत्या, कोर्ट म्हणालं, गुंतवणूक झाली की संरक्षण संपलं. १९६२ मध्ये पोर्टर विरुद्ध एटना, तिथे पैसे साध्या बचत खात्यात होते, लागतील तेव्हा काढता येण्यासारखे, तर कोर्ट म्हणालं संरक्षण कायम. म्हणजे कोल्हापूरचा फ्लॅट माझ्या नावावर असता तर तो मला प्रॉपर्टीच्या यादीत लिहावाच लागला असता, परदेशातली असली तरी, आणि तो ट्रस्टीच्या हिशोबात आला असता. खात्यात ठेवले म्हणून वाचले. हे मी त्याला दोनदा मेसेज करून पाठवलंय, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

तर तुमच्या दाजींना सांगा, व्हीएचे पैसे वेगळ्या खात्यात, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, त्यातून जमीन, सोनं, शेअर काही घ्यायचं नाही, आणि कार्डाचे हप्ते त्यातून भरणं आजच बंद करायचं. 'तुमची पुढची व्हीएची रक्कम आम्हाला द्या, आत्ता एकरकमी देतो' म्हणणारे लोक भेटतात, त्यांना दारातूनच घालवा, हे पैसे असे दुसऱ्याच्या नावे करायला कायद्यानेच मनाई आहे.

काही गोष्टी राहिल्या त्याही सांगतो. हेवन ॲक्ट फक्त अपंगत्व, युद्धातली इजा किंवा मृत्यू यांच्याशी जोडलेल्या पैशाला आहे. दाजींनी वीस वर्षं करून साधं रिटायरमेंट घेतलं असेल तर ती पेन्शन इन्कम म्हणून मोजतात. आर्मीने मेडिकल रिटायर केलं असेल तर त्या पैशाचा काही भाग मोजला जाऊ शकतो, सेवेच्या वर्षांवर हक्काची जेवढी झाली असती तेवढा मोजतात, त्यावरचा सोडतात. मोजत नाहीत म्हणजे लपवायचे असं नाही, महिन्याच्या उत्पन्नाच्या शेड्यूलमध्ये लिहायचेच, लपवले तर सगळंच अंगावर येतं. मुलांच्या पोटगीला कलम ५३०१ ची ढाल चालत नाही, १९८७ च्या रोझ विरुद्ध रोझ निकालापासून हे ठरलंय. व्हीएनेच जास्तीचे दिले असतील तर व्हीए कापून घेते. आणि एक जुनी सवलत आहे, ३० टक्के किंवा वर रेटिंग आणि कर्ज मुख्यतः ड्यूटीवर असताना झालेलं असेल तर मीन्स टेस्टच द्यावी लागत नाही. माझं कर्ज नंतरचं म्हणून मला लागू झाली नाही, दाजींचं कधीचं आहे ते आधी बघा, तुमच्या प्रश्नात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

वकिलाकडे जाताना व्हीएचं अवॉर्ड लेटर, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कार्डांची पहिली स्टेटमेंट, म्हणजे कर्ज कधी सुरू झालं ते दिसेल, एवढं न्या. वकिलाने व्हीएचे पैसे मीन्स टेस्टमध्ये धरले तर त्याला तारीख सांगा, २३ ऑगस्ट २०१९. आणि तुमच्या घरी परत कोणी 'इन्कम आहे' म्हणालं तर त्यांना विचारा, हे कमावलं कधी? माझं उत्तर कंदाहारच्या त्या रस्त्यावर आहे, दाजींचं त्यांना माहीत असेल.