चरित्र, चारित्र्य आणि कुदळ

सांगलीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: शाळेच्या वेळापत्रकात नवा तास आलाय, त्याचं नाव 'चरित्र शिक्षण' लिहायचं की 'चारित्र्य शिक्षण'?

चारित्र्य. मराठीत चरित्र लिहितात, छापतात. ते टिळकांचं असतं, शाहू महाराजांचं असतं. 'चरित्र निर्माण' ही हिंदीची उसनवारी. फ्लेक्सवाल्यांनी ती गावोगाव टांगली आणि आता मुख्याध्यापकही तसंच बोलू लागलेत. चारित्र्याची वेगळीच दुर्दशा बातम्यांनी केली. 'चारित्र्याच्या संशयावरून' एवढं वाचलं की पुढे बायकोचं काय झालं ते सांगावं लागत नाही. दिला शब्द पाळणं, दुसऱ्याच्या पैशाला हात न लावणं, यांना त्या शब्दात जागाच उरली नाही.

पण खरी मजा मुळात आहे. 'चर्' धातूला पाणिनी 'इत्र' प्रत्यय लावतो, तोही साधनाच्या अर्थाने. त्याच सूत्रातले शेजारी पाहा: खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र, वल्हवायचं ते अरित्र. म्हणजे कुदळ, विळा आणि वल्हं यांच्या पंगतीला चरित्र! ज्याने चालतात ते. ऋग्वेदात (१.११६) विश्पला नावाच्या स्त्रीचं 'चरित्र' लढाईत तुटतं आणि अश्विनीकुमार तिला लोहाची जंघा बसवतात. तिथे चरित्र म्हणजे चक्क पाय! 'त्र म्हणजे तारणारं, म्हणून चरित्र तारतं' अशी फोड करणाऱ्या प्रवचनकारांनी खनित्र कुणाला तारतं तेही एकदा सांगावं.

आमच्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली, अंगमेहनत करून शिकली. खनित्र आणि चरित्र एका ओळीत का, हे त्यांना पाणिनीची अष्टाध्यायी न उघडता कळलं असणार, असा माझा दावा आहे. कुणी हसलं तरी तो मी सोडणार नाही.

'चारित्र' हे रूप अशुद्ध, असं शुद्धलेखनवाल्या मंडळींचं ठाम मत असतं. त्यांनी ते सांगलीतल्या एखाद्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, जाऊन बोलून दाखवावं. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाचं पहिलंच सूत्र आहे 'सम्यग्दर्शनज्ञानचारित्राणि मोक्षमार्गः'. यातल्या 'चारित्राणि'त 'य' कुठे दिसतो? संस्कृतात दोन्ही चालतात, मराठीत 'चारित्र्य' रुळलं, एवढंच.

आणि हो बाई, मधली मोकळी जागा काढा. सामासिक शब्द आहे. 'चारित्र्यशिक्षण' असं जोडून लिहा.