पलंग पक्का की घडीचा? आधी पैसे कुठून काढताय ते पाहू

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त वाचकांचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर फिरायला जायचं म्हणून घरच्या मारुती ईको व्हॅनमध्ये दोघांची झोपायची सोय करायची आहे आणि सुताराने दोन अंदाज दिलेत. पक्का पलंग आणि खाली सामानाची खोकी, ६५ हजार. किंवा दिवसा समोरासमोर बाकं आणि टेबल, रात्री तेच जोडून पलंग, शिवाय ड्रॉवर आणि वर छताला कपाटं, १ लाख ६० हजार. काकूंचे गुडघे दुखतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत, खातं सव्वादोन वर्षांचं आहे, त्यातून काढू का, असं ते विचारतात.

काका, त्या खात्याला हात लावू नका. त्यातून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत. मुदतीआधी काढायचे तर खातंच बंद करावं लागतं आणि दोन वर्षं उलटल्यावर मुद्दलातून १ टक्का कापतात. तुमचे १५ हजार तिथेच गेले. उलट ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज जमा होतंय आणि घर पेन्शनवर चालतं, असं तुम्हीच लिहिलंय. दोन तिमाह्या थांबलात तर ६१,५०० होतात. टीडीएस कापला जात असेल तर थोडे कमी, पण पक्क्या पलंगाचे पैसे जवळपास निघतात.

आणि माझं मत पक्क्याच्याच बाजूने आहे, नुसतं स्वस्त म्हणून नाही. ईकोची बाहेरची रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांच्याही आत. आडवं झोपणं शक्यच नाही, पलंग गाडीच्या लांबीतच बसणार. घडीच्या पलंगात रोज संध्याकाळी टेबल उतरवा, फळ्या लावा, गाद्या जुळवा, आणि मधल्या जागेतलं सामान पुढच्या सीटवर फेका. हे सगळं वाकून करायचं. गुडघे दुखणारं माणूस चौथ्या रात्री म्हणेल, लॉज बघा. घडीचा एक फायदा मात्र खरा आहे: जुलैत कोयनेला गेलात आणि पाऊस थांबलाच नाही, तर बसून चहा प्यायला जागा मिळते. तुमचा बेत दिवाळीनंतरचा आहे, तेव्हा त्यासाठी ९५ हजार जास्त मोजू नका.

सहा बाय चार फुटांच्या पलंगाखाली १४ इंच उंची सोडली तरी २८ घनफूट जागा मिळते. दोघांना भरपूर झाली. पण वरून उघडणारी झाकणं नकोत, दर वेळी गादी उचलावी लागेल. मागच्या दारातून ओढता येतील अशी लांब खोकी करून घ्या, आणि त्यांना खिट्टी हवीच, नाहीतर कुंभार्ली घाटात सगळं बाहेर येईल. पाण्याचा कॅन तळाशी. छताची कपाटं सोडूनच द्या. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा ताव तीस किलोच्या वर भरतो, ते वजन डोक्यावर कशाला?

सुताराला आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओत जा. सीट काढून पलंग बसवला तर आरसीवरची आसनसंख्या जुळत नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा अडकतो, आणि तो आकडा सुताराच्या बिलापेक्षा मोठा असतो.