मिल्टनपाशी अडकलेली नेटची तयारी

प्रश्न : एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, एकदा दिली. विषयाच्या पेपर २ मध्ये ‘कालानुक्रमे लावा’ या प्रकारचे प्रश्न बहुतेक चुकले. दर वेळी इतिहासाचं पुस्तक अँग्लो-सॅक्सनपासून वाचायला घेते आणि मिल्टनपर्यंत येऊन थांबते. अमेरिकन साहित्य तर राहूनच जातं. पुढच्या परीक्षेला चार महिने आहेत. घरचे म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. काय करू?
– एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : मिल्टनपाशी अडकणारी तू एकटी नाहीस, आणि त्यात तुझ्या स्मरणशक्तीचा दोषही नाही. इतिहास पहिल्या पानापासून वाचला की सगळ्यात अनोळखी भाग आधी समोर येतो. बी.ए.पासून ओळखीचे असलेले कीट्स, डिकन्स, हेमिंग्वे शेकडो पानं लांब राहतात. दमछाक तिथेच होते.

नेटचा अभ्यासक्रम पुन्हा उघडून बघ. दहा घटक आहेत : नाटक, कविता, कथा-कादंबरी, इतर गद्य, भाषा, भारतातली इंग्रजी, सांस्कृतिक अभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा सिद्धान्त आणि संशोधनपद्धती. कालखंडाच्या नावाने एकही घटक नाही. मांडणी साहित्यप्रकारांची आणि प्रश्न मात्र सालांचे, त्यामुळे कालपट आपला आपणच बांधावा लागतो. वहीत याद्या करून तो बांधला जात नाही, कारण यादीत १५८० आणि १८५० यांच्यामधलं अंतर डोळ्यांना दिसत नाही.

एक चार्टपेपर आण, साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटरचा. लांबीच्या बाजूने त्याच्या १४ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या काप आणि टोकाला टोक चिकटव. पावणेतीन मीटरची एक लांब पट्टी होईल. २ वर्षांना १ सेंटिमीटर धरलं की १५५० ते २००० या काळाला २२५ सेंटिमीटर लागतात. डावीकडे उरलेल्या अर्ध्या मीटरमध्ये १५५० च्या आधीचं सगळं, मापाशिवाय, मावतं. मधून आडवी रेघ मार : वर इंग्लंड, खाली अमेरिका. लेखकाचं नाव त्याच्या जन्मसालावर लिहू नकोस, मुख्य ग्रंथाच्या प्रकाशनसालावर लिही. हॉथॉर्न १८०४ चा आणि टेनिसन १८०९ चा हे ठाऊक असून परीक्षेत उपयोग नाही. ‘द स्कार्लेट लेटर’ आणि ‘इन मेमोरियम’ दोन्ही १८५० ची, हे एका नजरेत दिसायला हवं.

मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथांसाठी लाल शाई वापर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डन गेला १६३१ मध्ये, कविता छापल्या १६३३ मध्ये. वर्ड्‌सवर्थचं ‘द प्रेल्यूड’ १८०५ पर्यंत लिहून झालं होतं, प्रसिद्ध झालं १८५० मध्ये, तो गेल्यावर. एमिली डिकिन्सनचा पहिला संग्रह १८९० चा, मृत्यू १८८६ चा. हॉपकिन्स तर १८८९ मध्ये गेला आणि त्याचा संग्रह १९१८ मध्ये आला, म्हणून व्हिक्टोरियन कवी असूनही तो आधुनिकांच्या शेजारी वाचला गेला.

आता पट्टीवर सांधे, म्हणजे काळ जिथे वळतो ती सालं, मार. इंग्लंडमधला पहिला, कॅक्स्टनचा छापखाना १४७६. लंडनमधलं ‘द थिएटर’ हे नाट्यगृह १५७६. नाट्यगृहांना टाळं १६४२. राजा (दुसरा चार्ल्स) गादीवर परत आला, म्हणजे रेस्टोरेशन, १६६०. ‘लिरिकल बॅलड्‌स’ १७९८. व्हिक्टोरियाचं राज्य १८३७ ते १९०१. ‘युलिसिस’ आणि ‘द वेस्ट लँड’ १९२२. ‘लुक बॅक इन अँगर’ १९५६. प्रत्येक सालापुढे कारण लिही, नुसता आकडा नको. १६४२ ते १६६० सार्वजनिक नाट्यगृहं बंद होती, म्हणून त्या पट्ट्यात नाटक जवळजवळ नाही. पुन्हा सुरू झाल्यावर रंगभूमीवर स्त्रिया आल्या, प्रेक्षक दरबारी झाला आणि नाटकाची जातच बदलली. हे कळलं की १६६० नंतरच्या कॉन्ग्रीव्हला चुकूनही १६४२ पूर्वीच्या वेब्स्टरच्या आधी ठेवणार नाहीस. एक बारकावा : ‘लिरिकल बॅलड्‌स’ची प्रसिद्ध प्रस्तावना १७९८ च्या आवृत्तीत नाही. ती १८०० ची आहे आणि १८०२ मध्ये वाढवलेली आहे.

कालखंडांची नावं तीन वेगळ्या जातींची आहेत, हे पुस्तकं ठळक करून सांगत नाहीत. एलिझाबेथन, जेकोबियन, कॅरोलाइन, व्हिक्टोरियन, एडवर्डियन ही राजाराणींवरून आलेली. जेम्सचं लॅटिन रूप जेकोबस, चार्ल्सचं कॅरोलस. कॉमनवेल्थ (राजाविना गेलेली वर्षं) आणि रेस्टोरेशन ही राजकारणावरून. निओक्लासिकल, रोमँटिक, मॉडर्निस्ट ही लेखनाच्या वळणावरून. म्हणून ती एकमेकांवर चढतात. शेक्सपिअरला सरसकट एलिझाबेथन म्हणशील तर फसशील : ‘किंग लिअर’, ‘मॅकबेथ’, ‘द टेम्पेस्ट’ राणीच्या मृत्यूनंतरची, म्हणजे १६०३ नंतरची. जेन ऑस्टिन काळाने रोमँटिक कवींची समकालीन, वळणाने नाही. ‘जॉर्जियन’ इमारती अठराव्या शतकातल्या. ‘जॉर्जियन’ कवींचे संग्रह मात्र १९१२ ते १९२२ चे, राजा पाचवा जॉर्ज.

अमेरिकेसाठी वेगळं पुस्तक घेऊन बसू नकोस, खालची बाजू वरच्या बाजूबरोबरच भर. तिथे सांधे कमी आहेत : जेम्सटाउन ही इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत १६०७, स्वातंत्र्य १७७६, इमर्सनचं ‘नेचर’ १८३६, यादवी युद्ध १८६१ ते १८६५, मग दोन महायुद्धं. सगळा ऐवज एका पेरात दाटला आहे : १८५० ‘द स्कार्लेट लेटर’, १८५१ ‘मोबी-डिक’, १८५४ ‘वॉल्डन’, १८५५ ‘लीव्ह्‌ज ऑफ ग्रास’. पट्टीवर ही पाच वर्षं म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर. या काळाला ‘अमेरिकन रेनेसाँस’ हे नाव समीक्षक मॅथिसनच्या १९४१ च्या पुस्तकामुळे रूढ झालं. ते सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या रेनेसाँसशी जोडू नकोस. यादवी युद्धानंतर ट्वेन, हॉवेल्स, जेम्स यांचा वास्तववाद, शतक संपताना क्रेन आणि ड्रायझर यांचा निसर्गवाद, १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय लेखकांची चळवळ. एलियट जन्माने अमेरिकन आणि १९२७ पासून ब्रिटिश, ऑडनचं नेमकं उलट. अशांची नावं मधल्या रेघेवरच लिही.

साल निसटत असेल तर आपल्या इतिहासाचा आधार घे, तो आपल्याला झोपेतही आठवतो. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला घेतलं ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी. शिवराज्याभिषेक १६७४ : त्याच वर्षी मिल्टन गेला आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ची बारा भागांची आवृत्ती आली. १६६७ ची पहिली आवृत्ती दहा भागांची होती. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, ‘फ्रँकेन्स्टाइन’ही त्याच वर्षीचं.

चार महिन्यांची वाटणी अशी कर. पहिले पाच आठवडे १७९८ ते १९०१, अमेरिकेसह. पुढचे चार विसावं शतक. मग तीन आठवडे १५५० ते १६६०, दोन आठवडे १६६० ते १७९८. चॉसर आणि त्याआधीचं चार दिवसांत. उरलेल्या दिवसांत जुने पेपर. समीक्षाग्रंथांची प्रकाशनसालंही त्याच पट्टीवर तिसऱ्या रंगात टाक : सिडनी १५९५, ड्रायडन १६६८, कोलरिज १८१७, एलियटचा ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’ हा निबंध १९१९. रोज नवीन दहाच नोंदी. वीस केल्यास की दुसऱ्या दिवशी आधीच्या पुसट होतात. रविवारी नवीन काही नको, पट्टी झाकून आठवडाभराच्या नोंदी कोऱ्या कागदावर लिहायच्या.

पेपर २ मध्ये १०० प्रश्न, २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न सोडू नकोस. क्रम लावताना आधी सर्वात जुना आणि सर्वात नवा ग्रंथ ठरव. तेवढ्याने बहुतेक वेळा दोन पर्याय गळतात.

बी.एड.बद्दल घरच्यांशी वाद नको. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला ते लागतंच, वरिष्ठ महाविद्यालयाला नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा). पण बी.एड.चं वेळापत्रक सुरू झालं की ही पट्टी अर्धवट राहील. आधी हे चार महिने घे. सेटचा अर्जही भर : महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि तिच्यासाठी वेगळी पट्टी करावी लागत नाही.